साखळी प्रार्थना

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आमच्या चर्चची माणसं रोज संध्याकाळी देवळाली कॅम्पच्या घरी प्रार्थनेला येत. खोली एवढीशी. मधोमध त्याची खाट, भोवती खुर्च्या, आणि मी कोपऱ्यात, कपाट आणि पाळकसाहेबांच्या मध्ये अडकलेली. साखळी प्रार्थनेत एकाचं संपलं की शेजारच्यानं मोठ्यानं सुरू करायचं, आणि शेवट घरातल्या माणसानं करायचा. तोवर कुणी डोळे उघडायचे नाहीत, उठायचं तर नाहीच. उठायचं म्हटलं तरी चौघांचे गुडघे ओलांडावे लागले असते.

त्या दिवशी एकेकाचा आवाज चढतच गेला, देवाला कमी ऐकू येत असल्यासारखा. जो तो त्याला माझ्या नवऱ्याचा आजार नव्यानं समजावून सांगत होता. शेवटी माझ्यावर आलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. खरं तर मला तो फुटू द्यायचाच नव्हता.

"बोला ताई, प्रभू ऐकतोय," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

ऐकतोय ना? मग मी कशाला बोलू! मी ओठ घट्ट मिटून बसले. कुणीतरी खाकरलं, कुणाची खुर्ची करकरली. मग तेही थांबलं. नुसती पंख्याची घरघर राहिली.

तेव्हा खाटेवरून आवाज आला. जड जिभेचा, बारीक. तो पाणी मागत होता.

चौघांचे गुडघे ओलांडून मी पाणी आणलं. त्याचे ओठ पार सुकले होते. आम्ही देवाकडे मागत होतो, तेवढा सगळा वेळ तो आमच्याकडे मागत असणार.