कचऱ्यावरचा चहा

वडूजमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय हे देवाला मागाहून कळत असेल, आमच्या सिलिंडरवाल्या काकांना आधी कळायचं. तीस वर्षं या माणसानं खांद्यावरून टाक्या वाहिल्या आणि दारात थांबणं म्हणून त्याला ठाऊक नव्हतं. थेट स्वयंपाकघर. टाकी जोडायची, नळीला साबणाचा फेस फासून बुडबुडा येतो का बघायचं आणि मग शेगडी पेटवून उकिडवं बसून जाळ न्याहाळायचा. जाळ निळा असला की स्वारी खूश. पिवळा दिसला की घरच्या बाईकडे असं बघायचे, जणू तिनं नवऱ्याला उपाशी ठेवलंय. टाकी किती दिवस पुरली यावरून त्यांना घराची कुंडली कळायची. एका घरी ती दोन महिने संपली नाही, तर भर अंगणात विचारलं, "सून माहेरी बसलीया काय?" बसलीच होती, आणि घरच्यांनी गावाला ती परीक्षेला गेलीय असं सांगितलं होतं. त्या घरानं पुढं वर्षभर काकांना पाणीसुद्धा विचारलं नाही. बाकी सगळीकडे मात्र पाणी काय, चहा काय, सणाला पोळी काय, त्यांची चैन होती.

काकू गेल्या, मुलगी सांगलीला दिलेली, आणि खांद्यानंही राजीनामा दिला, तेव्हा काका गावाबाहेरच्या आपल्या दोन खोल्यांत राहायला गेले. जागा स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. ती स्वस्त का, हे पुढं शेजारी कचरा डेपो आला तेव्हा समजलं. कालांतरानं डेपो भरला, त्यावर मुरूम टाकून तो बंद केला, आणि गाव आपला कचरा विसरून गेलं. काका कसले विसरतात! एका उन्हाळ्यात त्या ढिगाच्या भेगेतून आपोआप जाळ निघाला आणि यांना जन्माचं घबाड सापडलं. भोकं पाडलेला पाइप ढिगात खोल रोवला, मध्ये जाळ उलटा फिरू नये म्हणून पाण्याची बाटली, वास घालवायला गंजक्या लोखंडी किसाचा डबा, आणि शेवटी कुणाच्या तरी गोठ्यात पडून असलेली गोबरगॅसची शेगडी. पेटली! बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इथं तो काकांनी स्वतःच्या हातानं फेडला.

इथवर ठीक होतं. पण काका कृतज्ञ माणूस. ते घरोघर आभार मानत सुटले. माझ्याकडे आले तेव्हा शाळेतल्या चार बाई बसलेल्या. "बाई, तुमच्या नातवाच्या बारशाला लय भात टाकला हुता बघा तुमी. आता झकास जळतोय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ओला कचरा आत कुजतो, त्याचा गॅस होतो, तो नुसता हवेत सोडला तर सगळ्यांना बाधतो, जाळला तर चहा होतो, हे सगळं मीच वर्गात शिकवते. पण आपल्याच नासक्या भाताचं असं चारचौघांत कौतुक कुणाला सोसेल?

आणि प्रत्येक भेटीचा शेवट ठरलेला: "चहाला या." कोण जाणार? गावात निम्म्या गोठ्यांत गोबरगॅस, त्यावर देवाचा नैवेद्यसुद्धा होतो. शेण चालतं, कचरा चालत नाही! कुणाची चतुर्थी निघे, कुणाला पित्त होई. मी चक्क सांगितलं की मी चहा सोडला. पुढच्याच आठवड्यात स्टँडवर हातात कप घेऊन उभी असताना समोरून काका आले. मला बघितलं, आणि मला लाज वाटू नये म्हणून एसटीच्या वेळापत्रकाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना कुठंही जायचं नव्हतं. चार वर्षं हा माणूस बोलावत राहिला आणि चार वर्षं त्या खोलीत एकटा चहा पीत राहिला.

परवा ते दारात आले. हो, दारात, आत आले नाहीत. म्हणाले, जुना ढीग उपसून चाळायला सोमवारी मशीन येणार, पाइप काढावा लागेल. तसाही गॅस आटत आलाय. आणि वळून गेले. चहाला या म्हणाले नाहीत. मला ते इतकं लागलं की रविवारी दुपारी हातातली भाजी तशीच टाकून मी त्यांच्याकडे गेले.

काकांनी शेगडी पुढं ओढली. पातेलं ठेवलं, काडी ओढली. जाळ निळाच होता, पण निरांजनाएवढा. अर्धा तास गेला, तास गेला. काका काकूंबद्दल बोलले, मुलीबद्दल बोलले, माझी टाकी किती दिवस जाते तेही विचारून घेतलं. मग पातेल्याकडे बघत म्हणाले, "जलमभर दुसऱ्याच्या चुलीला गॅस पोचवला, बाई. माझ्या चुलीवरचं कुणाच्या तरी पोटात जावं, एवढंच हुतं."

दीड तासानं त्यांनी कप भरून दिला. दूध कच्चं, पत्ती वर तरंगतेय, सगळं कोमट. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि म्हटलं, छान उकळलाय.

"तीस वर्सं जाळ बघतोय मी," काका हळूच म्हणाले. "न्हाई उकळला."

"मग अजून एक कप ठेवा," मी म्हटलं. "तो उकळेल."

काकांनी जाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या कपाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागणार, हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी उठून पातेलं धुतलं, पाणी घालून पुन्हा जाळावर ठेवलं, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.