जागेला विचारणं

त्या कॉलनीत पहिल्यांदा गेलो तेव्हाच मी दुसऱ्याच्या घरासमोर चपला काढल्या. बायको दोन घरं पुढे उभी राहून हसत होती. पण चूक माझी नव्हती. गोंदियाहून बिरसीकडे जाताना जिथे परवापरवापर्यंत धानाच्या बांध्या होत्या, तिथे एकाच बिल्डरने साठ घरं उभी केली होती आणि साठही घरं सारखी. बदामी रंग, डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला नळ, दारापुढे बिल्डरनेच बसवलेलं सिमेंटचं तुळशी वृंदावन. त्यात तुळस कुठेच नव्हती. घरांवर नंबर अजून रंगवायचे होते. बरीचशी घरं लोकांनी पसंत करून ठेवली होती, पण राहायला कोणीच आलं नव्हतं. वर वैमानिक शिकवणाऱ्या शाळेचं छोटं विमान घिरट्या घालत होतं आणि त्याची घरघर प्रत्येक रिकाम्या घरातून परत ऐकू येत होती.

चावी मागितली तर वॉचमनने खिशातून एक काढून दिली.

"कौनसे घर की है?" मी विचारलं.

"कोई भी खोल लो सर, सब में लगती है."

कुलपं घाऊक आणली होती. ताबा मिळाल्यावर ज्याने त्याने बदलायची. बायकोला याची गंमत वाटली. मला मुळीच वाटली नाही. जे घर माझं म्हणून घ्यायचं, त्याची किल्ली आधीच साठ दारांना लागते, हे मला अशुभच वाटलं. पण मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पोटातलं सगळंच बोलून दाखवत नाही.

घर मला हवं होतं ते आईसाठी. ती सालेकशाच्या पुढच्या आमच्या गावात एकटी राहत होती. मागच्या उन्हाळ्यात ती सकाळी मोरीपाशी पाय घसरून पडली आणि शेजारीण तेंदूपत्ता तोडून परत येईपर्यंत, म्हणजे चांगलं दुपारपर्यंत, तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, नशीब. पण त्या दिवसापासून मला झोप नव्हती. गोंदियातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत चौघांना कूस बदलायची पंचाईत, तिथे तिला कुठे ठेवणार? या नव्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. ती तिची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त तिने हो म्हणायचं राहिलं होतं.

तिला घर दाखवलं. तिने भिंतींवर हात फिरवला, नळ सोडून पाहिला, मागच्या खोलीत बराच वेळ उभी राहिली.

"घर बरं आहे," ती म्हणाली. "पन तुमी दोघंई कामावर जाता, पोरं शाळेत जातेत. मी दिवसभर अथी कोनासंग बोलू? गावात कोंबड्या तरी आहेत."

"होतील ना शेजारीपाजारी."

"अन् जागेले विचारलं का?"

"माय, बिल्डरले विचारलं, इंजिनिअरले विचारलं. आता जागेले कायले विचाराचं?"

"मंग इंजिनिअर येनार आहे का अथी झोपाले?"

जागेला विचारायची आमच्याकडची रीत जुनी आहे. घर बांधायचं त्या जागी, दिवेलागणीच्या आधी, धानाचे थोडे दाणे एकमेकांना चिकटून मांडायचे आणि वर पळसाच्या ओल्या पानाचा दोना, म्हणजे द्रोण, पालथा घालायचा. किती दाणे ठेवले ते ठेवणाऱ्याने कोणाला सांगायचं नाही. सकाळी तोंडात पाणी घ्यायच्या आत जाऊन दोना उचलायचा. दाणे जिथल्या तिथे असले तर जागा राजी. पसरले असले तर तिथे दुसऱ्या कोणाचा वावर आहे, नाद सोडायचा. लोक मोकळ्या जमिनीवर हे करतात. माझ्या आईने ते चकचकीत टाइल्सच्या फरशीवर केलं, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, मला बाहेर उभं करून. नंतर पदराला हात पुसत म्हणाली, "आता सकायी पाहू. जागा बोलन तसं."

रात्री ती आमच्याकडेच होती. मी पडल्या पडल्या हिशेब लावला. फरशी गुळगुळीत. खिडक्यांना अजून काचा नाहीत. उंदीर आहेत, मुंग्या आहेत, वारा आहे. दाणे हलणारच. आणि मुंग्यांपायी माझी आई पुन्हा त्या मोरीपाशी एकटी राहणार? सरळ सांगतो, मला तिच्या त्या जागेचा भयंकर राग आला. सहाच्या सुमारास दुधाचं निमित्त करून मी गाडी काढली. दाणे हलले असतील तर नीट लावून ठेवायचे, एवढंच करायचं होतं.

पुढच्या फाटकापाशी रस्ता खोदलेला होता, म्हणून मागून शिरलो. चौथी ओळ, तिसरं घर, असं मोजत गेलो. दार उघडलं. मागच्या खोलीत कोपऱ्यात दोना होताच. उचलला तर दाणे चौफेर गेलेले. मी खाली बसलो, घामेजल्या हाताने ते गोळा केले, चिकटून मांडले. दोना परत ठेवायला गेलो तर तो बोटांत चुरला. पान वाळून कुरकुरीत झालं होतं. आईने तर काल संध्याकाळीच हिरवं पान तोडून आणलं होतं.

मी मागून आलो होतो. ओळी उलट्या मोजल्या होत्या. हे आमचं घर नव्हतंच.

शेजारचं घर उघडलं. तिथेही मागच्या खोलीत, त्याच कोपऱ्यात, दोना. पुढच्या घरात दोन्याऐवजी स्टीलची वाटी पालथी होती. त्याच्या पुढच्यात नुसते पानाचे तुकडे आणि दाणे. एकच चावी फिरवत मी दार उघडत गेलो आणि बहुतेक घरांत कोणीतरी माझ्यासारखंच आईला किंवा सासऱ्याला घेऊन येऊन गेलेलं होतं. आम्ही सगळे शिकलेसवरले लोक, नकाशे बघून, टाइल्स निवडून, शेवटी सगळ्यांनी गुपचूप इथेच वाकून विचारलं होतं. आणि मी पाहिलेल्या एकाही घरात दाणे जागेवर नव्हते. भिंतीपर्यंत गेलेले. जिथे दोना शाबूत होता, तिथे तो मात्र हललेला नव्हता. त्याच्या आत उंदीर शिरला कुठून, हा प्रश्न मला विज्ञानाच्या शिक्षकाला पडायला हवा होता. पडला, आणि मी तो झटकून टाकला.

आमचं घर सापडलं. पान हिरवं. दाणे पसरलेले. मी न मोजता भराभर गोळा केले, चिकटून मांडले, दोना झाकला, कुलूप लावलं.

आईला घेऊन परत आलो तेव्हा ऊन पडलं होतं. तिने चहासुद्धा घेतला नव्हता. आत जाऊन तिने दोना उचलला आणि एकेका दाण्यावर बोट ठेवलं. मग पुन्हा पहिल्यापासून ठेवलं.

"राजी आहे ना जागा?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच लबाड वाटला.

"सात आहेत."

"मंग?"

"मी पाच ठेवले होते. तू, सूनबाई, दोन पोरं अन् मी."

माझ्या तळहाताला एकदम गार वाटलं. त्या पहिल्या घरातले दोन दाणे माझ्या हाताला चिकटून आले असतील. नक्की तसंच असणार. पण ते तिला सांगायचं तर मी हात लावला हे सांगावं लागणार आणि मग ती गावाला परत जाणार. मी तळहात पाठीमागे नेऊन शर्टाला पुसला. दारं उघडी होती आणि वारा अजिबात नव्हता.

"जरासा सरक," आई म्हणाली.

मी दारातून बाजूला झालो. कोणी आलं नाही. कोणी गेलं नाही. पण तिने पदर सावरून वाट दिली.

"दोघं जनं आधीच आहेत अथी," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गावाला बस मिळाल्यावर दिसायचं तसं समाधान होतं. "बरं झालं. तुमी सकायी जाता ते संध्याकायी येता. मले सोबत झाली. घेऊन टाक घर, बाबू."

आम्ही घर घेतलं. आता आठ महिने झाले. आसपासची घरंही भरली, तरी दुपारी सगळी कॉलनी बंद दारांची असते. आईने एकदाही करमत नाही म्हटलं नाही. गावाची आठवण काढली नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, आई कशी छान रमली.

परवा शाळेत अंगात ताप भरला म्हणून मी दुपारीच घरी आलो. बेल वाजवायला हात वर केला आणि आतून आईचा आवाज ऐकू आला. फोनवर बोलताना ती ओरडते. हा आवाज हळू होता, समोर बसलेल्या माणसाशी बोलायचा.

"माहा पोरगा वाईट नाई," ती सांगत होती. "मले एकटं ठेवाले भेते, म्हनून दाने सरकवून खोटं बोलला. तुमी त्याच्यावर राग नोका धरू."

ती थांबली. समोरच्याचं बोलणं ऐकून घ्यायला माणूस थांबतो, तेवढीच. मग म्हणाली, "पोरं लहान आहेत जी त्याची."

मी हात खाली घेतला. मुलांची स्कूल व्हॅन यायला दोन तास होते. अंग फणफणलेलं असताना मी रस्त्याकडेच्या नालीच्या कठड्यावर जाऊन बसलो आणि उठलोच नाही. आईने माझी बाजू मांडली होती. ऐकणाऱ्यांनी काय ठरवलं ते कळायच्या आत मला त्या घरात जायची हिंमत नव्हती.