तिरपी फळी

उकडलेल्या धानाचा ऊबदार, किंचित आंबूस गंध आणि कातडीला खाज सुटवणारा कोंडा, यांच्या सान्निध्यात माझे बाहू घडले. सिहोऱ्याच्या ज्या राइस मिलमध्ये बाबा हमाली करत, तिच्या पडवीत दहावीच्या वर्षी मी गोळाफेकीसाठी उताणी पडून छातीवरून वजन ढकलण्याचा व्यायाम आरंभला होता. धानाच्या पोत्यांवर टेकवलेली सागाची फळी, मिलमधून बाद झालेला लोखंडी दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेल्या जुन्या पुल्या, एवढेच माझे वैभव. दांडा डळमळला तर धरायला बाबा उशाशी उभे राहत.

त्या वयात सामर्थ्याचा मद किती लवकर चढतो! सपाट फळीवर, हात रुंद ठेवून, मी महिन्यागणिक पुल्या वाढवत गेले. हमाल काम थांबवून पाहत आणि त्यांच्या विस्मयाने मी मनोमन फुलून येई. पण गोळाफेकीच्या सरावात गोळा मात्र जुन्याच खुणेपाशी पडे. मग एवढी शक्ती जात होती तरी कुठे? शाळेतले ते माझे अखेरचे वर्ष, जिल्ह्याच्या स्पर्धा दोन महिन्यांवर आलेल्या, आणि उजवा खांदा ठणकू लागलेला.

एका दुपारी आमच्या खेळाच्या बाई मिलवर आल्या. माझा व्यायाम त्यांनी शांतपणे पाहिला, डोक्याकडच्या बाजूला आणखी एक पोते टाकून फळी तिरपी केली आणि दांड्याच्या निम्म्या पुल्या काढून घेतल्या.

"कमी काहून केलं, बाई? मी मागं जाऊन राहिली का?" माझा स्वर रडवेला झाला.

"गोळा तू नुसता समोर फेकतेस की वर?"

"वर."

"मग वर ढकलणारा खांदा हवा. फळी तिरपी ठेव, हात जवळ घे, कोपरं अंगाशी. सपाट फळीवर आठवड्यातून एकदाच."

मी बाबांकडे पाहिले. ते म्हणाले, "बाई सांगून राहिल्या तसंच कर वं. पोतं उचलाची पकड न्यारी, थप्पीवर टाकाची न्यारी."

त्या हलक्या वजनाखालीही माझे हात थरथरले. हमाल हसले आणि आपापल्या कामाला लागले. त्यांची ती फिरलेली पाठ मला खांद्याहून अधिक सलली. परंतु हळूहळू गळ्याच्या हाडाखाली आणि दंडाच्या मागे आजवर निद्रिस्त असलेले काहीतरी जागे होऊ लागले. खांद्याचा ठणका ओसरला. आता पुल्या मोजण्याचे मला भानही उरले नव्हते.

भंडाऱ्याच्या मैदानावर माझी पाळी आली तेव्हा पंच नेहमीच्या अंतराच्या अंदाजाने उभे होते. गोळा हातातून सुटला तो उंच, अगदी उंच, आणि पंच लगबगीने मागे सरले. बाबा दोरीबाहेर उभे होते. डळमळता दांडा धरायला उचलावेत तसे त्यांचे दोन्ही तळहात नकळत वर उचलले गेले होते.

गोळ्याने केलेल्या खळगीपाशी जाऊन मी वाकले आणि तिच्यात हात ठेवला. मिलमध्ये मी कित्येकदा या गोळ्याहून कितीतरी जड वजन पेलले होते. पण माझे बळ नेमके कुठवर पोचते, हे मला त्या दिवशी प्रथमच दिसले. दिवस मावळेपर्यंत त्या खळगीपलीकडे दुसरी खळगी पडली नाही.