मी धुतलेलं आंदोलन

आमच्या पार्ल्यात चळवळींचं संग्रहालय निघालं ते एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाच्या दोन खोल्यांत. समितीत आम्ही पाच जण, सगळे निवृत्त, आणि मोर्चाचा अनुभव विचाराल तर पाचांचा मिळून शून्य. मोर्चा दिसला की मी पलीकडच्या गल्लीतून घरी येणारी. म्हणून आम्ही आधी संग्रहालयाची मार्गदर्शक मूल्यं ठरवायला घेतली. त्यात आमचा हात कोण धरणार?

चार महिने बैठका चालल्या. ‘लढा’ लिहायचं की ‘संघर्ष’, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. अखेर पहिलं मूल्य ठरलं: वस्तू देणाऱ्याचा मान राखला जाईल. हे वाक्य माझं होतं, आणि मी ते येता-जाता ऐकवत असे.

पहिली वस्तू दिली अंधेरीच्या मासळी बाजारातल्या एका मावशींनी. बाजार उठवून तिथे गाड्या लावायच्या, असं एका कचेरीत ठरलं होतं. अर्ज देऊन थकलेल्या कोळणींनी भर मे महिन्यात साहेबांच्या दारात भरलेल्या टोपल्या मांडल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. घोषणा नाही की फलक नाही. तिसऱ्या दिवशी साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि बाजार वाचला. त्यातलीच एक टोपली मावशींनी आम्हाला दिली. “नीट सांभाल गो बाय,” एवढंच म्हणाल्या.

मी सांभाळली. पाहुण्यांसमोर मावशींची टोपली वास मारत ठेवणं मला काही मानाचं वाटेना. घरी नेऊन ती रिठ्याच्या पाण्यात भिजवली, लिंबू चोळलं, गॅलरीत वाळवली, वर कापराच्या दोन वड्या ठेवल्या. देवघरात ठेवावी अशी झाली.

उद्घाटनाला आठवडा असताना मावशी बघायला आल्या. वाकून टोपलीत नाक घातलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“धुतलीस?”

“हो ना! अगदी स्वच्छ.” मी कौतुकाची वाट पाहत होते.

“अगो, तो वास हाच आमचा मोर्चा होता! तो धुऊन टाकलास. आता लोकांना काय दाखवनार, बांबू?” त्यांनी टोपली काखोटीला मारली. “आमच्यातली एकबी बाई येनार नाय.”

उद्घाटन याच बायकांच्या हातून, अशी पत्रिका वाटून झालेली. वाट लागली! दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात जाऊन माफी मागितली. मावशींनी मला शेजारी बसवलं आणि टोपली पुढ्यात सरकवली. “विक. वास आला की घेऊन जा.”

घरात अंडंही न आणणारी मी चार दिवस बांगडे विकत होते. माझी हाक शाळेतल्या प्रार्थनेसारखी निघे. एका गिऱ्हाइकाने मावशींना विचारलं, “ह्या बाईंना बरं नाहीये का?” चौथ्या दिवशी टोपलीला झकास वास आला. ती घेऊन मी रिक्षात बसले.

“मॅडम, उतरो. मछली का बास आता है.”

रिक्षावाले जवळच्या भाड्याला नाही म्हणतात, ते मला ठाऊक होतं. पण बसलेल्या मला उतरवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. माझं डोकंच फिरलं. टोपली मांडीवर घट्ट धरून मी म्हणाले, “नहीं उतरूंगी.” मागे हॉर्न वाजले, हवालदार आला, मी ढिम्म. पंधरा मिनिटांनी रिक्षा मुकाट्याने निघाली. मला आकाश ठेंगणं झालं.

घरी पोचताच मी मावशींना फोन लावला आणि माझा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला.

त्या साधेपणाने म्हणाल्या, “आमाला रोजच उतरवतात, बाय. रोज कुठं भांडत बसू? मासली खराब होते.”

मला स्वतःची लाज वाटली. रंगवून सांगितलेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं. “उद्घाटनाला याल ना?” मी कसंबसं विचारलं.

“येऊ. पन बाजारातनंच येऊ, टोपल्या घेऊन. रिक्षा तू थांबव.”

उद्घाटनाच्या सकाळी मी बाजाराच्या तोंडाशी उभी होते. मागे टोपल्या घेतलेल्या दहा जणी. तिसरी रिक्षासुद्धा आमच्याकडे बघून वेग वाढवून निघून गेली, तेव्हा मी चष्मा पर्समध्ये ठेवला आणि चौथीच्या समोर, रस्त्याच्या मधोमध, बसकण मारली.