बंधूंची फौज

खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटले की माणसं काहीही बोलतात, हे पार्लरताईला धंद्यात पडल्यापासून ठाऊक होतं. "काही विशेष नाही हो आमचं" असं म्हणत बसलेली बाई डावी भुवई कोरून होईपर्यंत जावेचं सगळं सांगून मोकळी व्हायची आणि उजव्या भुवईला सासूवर यायची. बँकेतली मॅडम तर सुरुवातच "मी कुणाबद्दल काही बोलत नाही, पण" अशी करायची, आणि तो 'पण' फेशियल धुऊन होईपर्यंत संपायचा नाही. ताई या सगळ्यावर "हो ना", "बघा ना" आणि "काय बाई तरी" एवढ्या भांडवलावर दिवस काढायची. बायका खूश होऊन जायच्या. म्हणायच्या, तुमच्याशी बोललं की कसं हलकं वाटतं.

तिच्याशी कुणी बोलत नसे, ही गोष्ट वेगळी. फार तर जाताना पर्स उचलत एखादी म्हणायची, तुमचं बरंय बाई, मागे ना कुणाची कटकट ना काही.

कटकट होती तोवर घर घरासारखं होतं. आई पलंगावरूनच ओरडायची, "आलीस का? दार नीट लाव." आई गेल्यावरही बरेच दिवस ताई कडी घालताना "लावलंय गं" म्हणायची. मग एकदा आपण म्हणतोय हे तिच्याच कानावर पडलं आणि तेही बंद झालं.

सगळ्यात वाईट सुट्टीचा दिवस. कपडे धुऊन व्हायचे, भाजी निवडून व्हायची, घड्याळ मात्र हलायला तयार नसायचं. म्हणून ती उगाच चालायला निघायची. अशीच एकदा मागच्या गल्लीतल्या खेळांच्या दुकानाच्या काचेपाशी थांबली. आत एका मोठ्या टेबलावर थर्मोकोलचे डोंगर, स्पंजची झाडं आणि अंगठ्याएवढे सैनिक मांडले होते. टेबलाभोवती तीन मोठी माणसं वाकून गंभीरपणे भांडत होती. काय चाललंय ते तिला कळेना. एवढं मात्र कळलं की मध्येच कुणीतरी "चाल तुझी" म्हणतो, आणि मग बाकीचे गप्प बसून त्या एकाची वाट बघतात. एका माणसासाठी एवढी माणसं खोळंबून राहतात, हे तिने आजवर फक्त नवरीच्या मेकअपला बघितलं होतं. टेबलाला चौथी खुर्ची होती. त्या खुर्चीवर कुणाचीतरी छत्री ठेवलेली होती.

पुढच्या सुट्टीला ती आत शिरली. मालक, त्या तिघांतलाच एक पन्नाशीचा माणूस, कपाळावर चष्मा चढवून ड्रॉवरमध्ये चष्मा शोधत होते. तिने काचेतल्या सैनिकांच्या खोक्याकडे बोट दाखवलं. मालकांनी खोकं काढता काढता सहज विचारलं, "भावासाठी का?"

ताईला भाऊ नव्हता. बहीण नव्हती, चुलत-मावसही कुणी बोलण्यातलं नव्हतं. पण जिभेला वळण ते वळण. ती म्हणाली, "हो ना."

मालक खुलले. आमच्याकडे नियम एकच, म्हणाले, रंग न दिलेले नागडे सैनिक टेबलावर चालत नाहीत, बाकी शिव्याबिव्या सगळं चालतं. बंधूंना म्हणावं, फौज रंगवा आणि या खेळायला, चौथी खुर्ची रिकामीच असते. ती खुर्चीबद्दल काहीतरी बोलणार होती, पण तोवर त्यांनी खोकं कागदात गुंडाळलंही.

घरी जाऊन तिने ते राखाडी प्लॅस्टिकचे योद्धे खिडकीत ओळीने उभे केले आणि म्हटलं, रंगच लावायचाय ना, आपला जन्म गेला त्यात. पार्लरमधून नेलपॉलिश आणली. लाल पॉलिशचा पहिला हात पडताच योद्धा चकाकला, आणि मग बघता बघता त्याचं नाक गालात विरघळलं. ढाल मऊ पडली, हाताची बोटं चिकटून लाडवासारखी झाली. तिने घाबरून रिमूव्हर लावलं, तर उरलासुरला चेहराही गेला.

बिघडलेला योद्धा रुमालात घेऊन ती दुकानात गेली आणि भावाने काय केलं ते सांगितलं. मालक पोट धरून हसले. मग एकदम विचारात पडले. म्हणाले, "पण बंधूंना नेलपॉलिश सापडली कुठे?"

"माझी होती."

"मग बरोबर. दिसेल ते वापरून बघणारा माणूस दिसतोय. मला आवडतात अशी माणसं."

त्यांनी रंग दिले, पाण्यात मिसळायचे. सांगितलं, आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, मग अस्तर फवारायचं, आणि रंग थेट बाटलीतून थापायचा नाही. दुधाइतका पातळ करून दोन हात द्यायचे, पहिल्या हाताला घाण दिसणारच, धीर सोडायचा नाही. ताई मान डोलावत राहिली. फाउंडेशन थापलं की चेहरा भिंतीसारखा होतो, हे ती स्वतः नवऱ्यामुलींच्या आयांना सांगून दमली होती. तरीही घरी जाऊन तिने थापलाच. दुसऱ्या योद्ध्याचे डोळे, दात, चिलखताच्या कड्या सगळं लिंपून निघालं. तिने टूथब्रशने घासून पुन्हा सुरुवात केली.

सकाळी पार्लर उघडण्याआधी पूर्वेच्या खिडकीत चांगला उजेड यायचा. बाटलीच्या झाकणावर चिकटमातीचा गोळा लावून त्यावर योद्धा रोवायचा, म्हणजे अंगाला बोट न लावता झाकण फिरवून रंगवता येतं, हे मालकांनी शिकवलेलं. मग काळ्या पातळ रंगाचं पाणी वरून सोडायचं. ते आपणहून सुरकुत्यांत, चिलखताच्या खाचांत जाऊन बसतं आणि सपाट दिसणारं माणूस एकदम उठून येतं. पहिल्यांदा ते घडलं तेव्हा ताई "अगं बाई" म्हणाली, मोठ्यांदा. आणि सवयीने मागे वळून बघितलं.

डोळे काढताना ती श्वास रोखायची. तरी पहिला योद्धा तिरळा झाला आणि दुसरा कायमचा दचकलेला. भुवयांना मात्र हात चालला. एका राक्षसाला तिने बँकेतल्या मॅडमच्या भुवया दिल्या आणि तिच्याच आवाजात त्याला बोलायला लावलं: मी कुणाचं मुंडकं उडवत नाही, पण. एक भालेवाला सारखा "हळू हं, मला लगेच लाल होतं" म्हणायचा. त्या वेळात खोलीत चांगली बडबड चालायची. साडी नेसायची वेळ झाली की ती थांबायची आणि मग ऐकू यायचा फक्त नळ.

इकडे दुकानात भाऊ वाढत होता. मालक विचारायचे, फार बोलत नाहीत का? हो ना. घरीच असतात? बघा ना. मालक मान हलवून म्हणायचे, मीही तसाच, दुकानाच्या मागेच राहतो, कुलूप लावलं की संपलं. त्यांनी स्वतःचा जुना बारीक ब्रश बंधूंसाठी दिला. बंधूंना विचारा, डोंगरावर बर्फ करू का वाळवंट? पुढच्या खेपेला ताई सांगायची, तो म्हणाला बर्फ. मालक खरंच बर्फ करायचे. ते तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलायचे, आणि सगळं बोलणं बंधूंना. घंटी वाजली की त्यांची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे जायची, आज आले की काय म्हणून. पार्लरमध्ये कुणी विचारत नव्हतं ते एक वेळ ठीक. इथे तर तिनेच उभा केलेला माणूस तिच्या जागी बसला होता आणि ती त्याची टपालवाली झाली होती.

फौज पुरी झाली. सांगून टाकायचं, असं ती रस्ताभर घोकत गेली. मी, मीच, मला खेळायचंय. दारातच मालकांनी विचारलं, बंधू कुठायत? खुर्चीवरची छत्री काढलेली होती, खुर्ची पुसलेली होती. ताईच्या तोंडून निघालं, त्याला बरं नाही, फौज पाठवलीय.

मालक "असू दे, असू दे" म्हणाले आणि पुसलेली खुर्ची पुन्हा एकदा पुसली.

खेळणाऱ्यांत एक औषधाच्या दुकानाचा केमिस्ट होता आणि एक गणिताचे सर. ताईने फौजेचा डबा उघडला तसे दोघं वाकले. सर प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा" असं सुरू करायचे. ते म्हणाले, म्हणजे बघा, प्रत्येकाच्या भुवया वेगळ्या आहेत. केमिस्ट म्हणाला, हा राक्षस तर आमच्या बँकेत बघितल्यासारखा वाटतोय. मग ठरलं की फौज आलीच आहे तर बंधूंच्या वतीने केमिस्टने खेळावं. ताईसाठी भिंतीशी स्टूल ठेवलं. तुम्ही बसा आरामात, कंटाळा आला तर जा हं, असं सरांनी अगदी प्रेमाने सांगितलं.

ती मांडीवर पर्स घेऊन बसली. तिथून केमिस्टची पाठ दिसत होती आणि टेबलाची एक कड. केमिस्टच्या पुढ्यात वेफर्सचं पाकीट होतं. त्याने बोटं शर्टाला पुसल्यासारखी केली, तिचा सेनापती डोक्याला चिमटीत धरून उचलला आणि बर्फावर नेऊन ठेवला. परत उचलला. चाल बदलली. अंगठा बरोबर कपाळावर.

"डोक्याला धरू नका."

केमिस्टने मागे बघितलं. "मला म्हणताय?"

"खाली पायथ्याला धरा. हात तेलकट आहे तुमचा, चेहरा निघेल." ती उठून टेबलापाशी आली होती. "एका चेहऱ्याला माझी अख्खी सकाळ गेलीय. मी रंगवलीय ही. सगळी मीच रंगवलीय. मला भाऊबिऊ कुणी नाही."

केमिस्टने सेनापती अलगद खाली ठेवला. सर "म्हणजे बघा" म्हणाले आणि फासे गोळा करू लागले.

मालकांनी हळू आवाजात विचारलं, "आजारी नाहीत?"

"नाहीच आहे."

"नेलपॉलिश?"

"मी लावली होती."

"बर्फ?"

"मीच म्हटलं."

मालकांनी त्या पांढऱ्या डोंगरावरचा बर्फ बोटाने सारखा केला. मग चहा टाकतो म्हणून मागच्या खोलीत गेले. भांड्याचा आवाज आला नाही. केमिस्टने उठून आपलं वेफर्सचं पाकीट बंद केलं. तो म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका ताई, पण मालक फार बोलायचे हो बंधूंबद्दल, आम्हाला वाटायचं जुनी ओळख आहे. आणि त्याने चौथी खुर्ची तिच्यासाठी ओढली.

ती बसली. नियम तिला फारसे येत नव्हते. सरांनी गणिताच्या तासासारखे समजावले, तिला निम्मे कळले. फासे टाकले, तिचे दोन भालेवाले लगेच मेले. कुणी हसलं नाही, चिडवलं नाही. एकमेकांना शिव्या घालणारे ते दोघं तिच्याशी फार जपून बोलत होते, आणि तिला वाटलं की यापेक्षा दोन शिव्या बऱ्या.

मालक चहा घेऊन आले. कप तिच्यापुढे ठेवला, तिच्याकडे न बघता. चष्मा डोळ्यांवर होता. जायला वळले तशी ती म्हणाली, "एक विचारायचं होतं."

ते थांबले. नजर सवयीने दाराकडे गेली आणि परत आली.

"काळं पाणी सोडल्यावर गालावर डाग राहतात. तसेच वाळतात. मला ते काढता येत नाहीत."

मालकांनी सेनापती उचलला, पायथ्याला धरून. उजेडाकडे नेला, फिरवून बघितला, बराच वेळ.

"ओलं असतानाच टिपायचं," ते म्हणाले. "कोरड्या ब्रशने." मग "दाखवीन तुम्हाला," म्हणाले, आणि सेनापती तिच्यापुढे ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसले.

सरांनी घसा खाकरला. चाल तिची होती. तिघंही गप्प बसले होते.