सरव्यावरून साडेसहाशे

साडेसहाशे सीसीची गाडी वाशिमच्या आमच्या गल्लीत शिरली आणि माझं वय सत्तेचाळीसवरून थेट विसावर आलं. शाळेत मी शांत मास्तर म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी मात्र गाडी अंगणात उभी करून मी ती चार वेळा सुरू केली, चार वेळा बंद केली. तो आवाज पोटात घुमायचा आणि मला खुदकन हसू यायचं. कोणी विचारलं, "मास्तर, या वयात?" की मी म्हणायचो, "मंग कोन्या वयात?"

हसली नाही ती फक्त बायको. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे; अपघाताचे पेशंट आधी तिच्या हातात येतात. तिनं गाडीच्या हाराला हात लावला, गाडीला नाही. म्हणाली, "म्हयनाभर एकटे चालवा. अनसिंग रोडनं जा, या. मी मांगं बसाचं का नाही, ते मंग ठरवू."

गाडी घेतली होती ती तिला मागे बसवून तिच्या माहेरी, कामरगावला, जायला. आजवर तिथं एसटीनं गेलो, जीपमध्ये कोंबून गेलो, एकदा उसन्या मोपेडवर गेलो तर ती वाटेत तीनदा बंद पडली. आता एकदा तरी रुबाबात जायचं होतं. ती बसली नाही तर ही गाडी म्हणजे नुसतं लोखंड, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून महिनाभर शहाण्यासारखा वागलो. हेल्मेट, जाकीट, हातमोजे, घोट्यापर्यंत बूट. चहाच्या टपरीवर थांबलो की कोणीतरी विचारायचंच, "ॲव्हरेज किती देते?" मी ऐटीत दुसरीकडे पाहायचो.

शेवटचा रविवार उजाडला. सोयाबीनची कापणी उरकली होती, रस्ता मोकळा, हवा गार. अनसिंगहून परतताना मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गात होतो. पुढच्या रविवारी कामरगाव! या आनंदात काटा सत्तरच्या वर गेलेला मला कळलाच नाही.

पुढं रस्त्याच्या डाव्या अंगाला सोयाबीनच्या शेंगा पसरलेल्या दिसल्या. काठाला दगड लावलेले आणि बाजूला एक बाई झाडू घेऊन उभी. सरवा होता तो, कापणीनंतर दुसऱ्याच्या वावरात राहिलेल्या शेंगा वेचून आणलेल्या. एवढ्याशा मालासाठी मळणीयंत्र कोण आणणार? मग तो रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली दाणा मोकळा होतो. माझी मायही असाच टाकायची. लहानपणी मी कडेला उभा राहून ट्रकवाल्यांना हात करायचो, "वरून न्या, वरून न्या." जो बाजूनं न्यायचा त्याचा मला भारी राग यायचा. आता उजवीकडे रस्ता मोकळा होता. पण सरवा पाहून वळसा घालणं मला माणुसकीला सोडून वाटलं. मायची आठवण आली, ऊर भरून आला, आणि ती दोनशे किलोची गाडी मी प्रेमानं त्या शेंगांवर घातली. घातली आणि वर ब्रेकही मारला.

गोल दाण्यांवर दोन चाकं उभी राहत नाहीत, हे ज्ञान मला अर्ध्या सेकंदात झालं. मागचं चाक निसटलं, मी आडवा, गाडी माझ्यापुढं घसरत गेली. हेल्मेट डांबरावर खरडल्याचा आवाज कानात शिरला. थांबलो तेव्हा हातपाय हलवून पाहिले. सगळे जागेवर होते. मला हसूच आलं.

बाई धावत आली. तिनं मला उठवून बसवलं, पाणी पाजलं आणि मग झापलं. "भाऊ, तिकडला रस्ता दिसून नाही राह्यला का? हे चारचाकीसाठी टाकलं. फटफटी कायले घातली वरून?"

"तुमाले मदत होईन म्हनून."

तिनं रस्ताभर उधळलेल्या दाण्यांकडे पाहिलं. "लय मदत झाली, बापा."

अर्धा तास मी तिच्यासोबत दाणे गोळा केले. घरी येता येता ठरवलं, कुत्रं आडवं आलं म्हणून सांगायचं. दारातच सांगूनही टाकलं. बायकोनं माझा गुडघा धुतला, हेल्मेट हातात घेतलं आणि सोललेल्या जागेवर बोट फिरवलं. ती जागा बरोबर कानशिलाची होती.

"स्पीड किती होती?"

ते बोट पाहून मला खोटं रेटवेना. "सत्तरच्या वर," मी म्हणालो. "कुत्रं-बित्रं नव्हतं. एका बाईच्या सरव्यावरून मीच मुद्दाम नेली."

कामरगाव गेलंच, असं मी धरून चाललो. तिनं हेल्मेट बाजूला ठेवलं आणि कापसावर औषध ओतलं.

"वीस वर्स झाले ड्रेसिंग करून राह्यली," ती म्हणाली. "जो येते तो चाळीसवरच पडते. मेलेल्याचे भाऊबी चाळीसच सांगतात. सत्तर सांगनारे तुमीच पयले."

मग कापसाचा बोळा गुडघ्यावर जरा जास्तच जोरात दाबून म्हणाली, "हे हेल्मेट आता कामाचं नाही. उद्या दोन आना."

"दोन काहून?"

"मंग मी काय मोकळ्या डोक्यानं बसू मांगं?"