गुंत्यालगतच्या दोन भाषा

११ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ. कळमनुरी तालुक्यातील आमच्या बंजारा तांड्यावर हळद वाळत होती. पत्नी शेवंताकडे ताडपत्री मागायची होती. शब्द आला नाही. उजवा हात थरथरला. पुढचे आठवत नाही.

नांदेडला एमआरआय आणि अँजिओग्राफी झाली. निदान : आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन, म्हणजे मेंदूतील रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता. पाटाचे पाणी वाफ्यांत न फिरता थेट ओढ्यात कोसळावे, तसे. काठ कधीतरी फुटतो. गुंता वाचेच्या केंद्रालगत होता. ठेवला तर रक्तस्रावाची भीती, काढला तर भाषा जाण्याची.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितले की रुग्णाला जागे ठेवून, बोलते ठेवून शस्त्रक्रिया करावी लागेल. भाषा विचारली. मी मराठी म्हणालो. तांड्याबाहेर आम्ही हेच उत्तर देत आलो.

शेवंता मध्येच बोलली, "सायेब, ह्यांनी अर्धंच सांगितलं. घरी आमी गोरबोली बोलतो. मराठीत ह्यांना भांडता बी येत न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. "मग दोन्ही तपासाव्या लागतील. मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या असू शकतात."

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना शेवंताने चित्रांची गोरबोलीतील नावे सांगितली. तिचा आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी जागा होतो, कवटी उघडी होती. वेदना नव्हती. दिवे धुक्यातून यावेत तसे येत होते. भाकरीचे चित्र आले. मराठीत नाव सांगितले. मग शेवंताचा ध्वनिमुद्रित आवाज आला, "ई कांई छ?" हे काय आहे?

त्या आवाजामागून बैल चालत आले. पाठीवर मिठाच्या गोण्या. मी ते कधी पाहिले नव्हते, पूर्वज बैलांवरून मीठ वाहत असे आजोबा सांगत. पांढरी वाट होती, धूळ उडत नव्हती. मी म्हणालो, "बाटी."

डॉक्टरांनी मेंदूवर एका जागी विजेचा सूक्ष्म स्पर्श केला, त्याने ती जागा क्षणभर बंद पडते. भाकरी हा शब्द आला. बाटी आला नाही. बैल उभे राहिले.

"इथे हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

स्पर्श थांबला. बैल पुन्हा चालू लागले.

गुंता पूर्ण निघाला. ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांनी चुलीपाशी बोलली जाणारी भाषा डॉक्टरांना प्रथम सांगावी. मी सांगितली नव्हती. शेवंताने सांगितली.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शेवटच्या काढणीची हळद अंगणात होती आणि आभाळ भरून आले होते. मी शेवंताकडे ताडपत्री मागितली, आमच्या बोलीत. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ती आणली. कडेला दगड तिने ठेवले. दोरीची गाठ मी उजव्या हाताने मारली.